चेन ओढून घ्यायच्या आधी मोजून घ्या

हंगाम चालू असताना मिल हाउसमध्ये फिटरला सतत ऐकू येणारं वाक्य म्हणजे "चेन ढिली झालीय, जरा ओढून घे." मग टेक-अपचे, म्हणजे शाफ्ट सरकवून चेन ताणायचे, बोल्ट फिरतात, चेन टाइट होते, गार्ड बसतो, लॉगबुकात "चेन अ‍ॅडजस्ट केली" असं लिहिलं जातं आणि विषय संपतो. मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे, उमेदीची सगळी वर्षं ऊस टाकायची गव्हाण, पिळलेला ऊस पुढे नेणारी रेक कॅरिअर आणि बगॅस (उसाचा चोथा) वर नेणारा एलिव्हेटर यांच्या ड्राइव्हपाशी गेलीत, आणि माझं ठाम मत झालंय की चेन किती ढिली झाली आणि कशामुळे झाली हे न बघता ती ओढून घेणं हे मेंटेनन्सच नाही. त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितोय. मुख्यतः आयटीआय करून नव्याने लागलेल्या पोरांसाठी, पण ज्यांच्याकडे कुठल्याही मशीनला रोलर चेन आहे त्या सगळ्यांना यातलं बरंच लागू पडेल.

चेन लांब होते म्हणजे आत काय होतं ते आधी बघू. रोलर चेनमध्ये बाहेरची प्लेट, आतली प्लेट, पिन, बुश (पोकळ नळी) आणि रोलर एवढंच असतं. पिन बाहेरच्या प्लेटमध्ये दाबून बसवलेली, बुश आतल्या प्लेटमध्ये दाबून बसवलेलं, आणि पिन बुशच्या आत फिरते. रोलर बुशवर मोकळा असतो, स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दात्यावर तो टेकतो. चेन स्प्रॉकेटवर चढताना प्रत्येक सांधा वाकतो, उतरताना सरळ होतो, आणि हे सगळं लोडखाली. म्हणजे पिन बुशमध्ये थोडीशी फिरते, परत फिरते, दिवसभर, हंगामभर, आणि तिथे दोघं एकमेकांना खातात. पिनची एकच बाजू झिजते, बुशचीही एकच. प्लेट काही रबर नाही लांब व्हायला, एखादा जबरदस्त ओव्हरलोड आला तरच ती ताणते. बाकी जी लांबी वाढते ती सगळी पिन-बुशच्या झिजेची बेरीज असते. आणि ही जागा बाहेरून दिसत नाही, हीच सगळी अडचण आहे. चेन बाहेरून तेलकट, चकचकीत, एकदम टकाटक दिसते आणि आतून संपलेली असते.

बुश ही कल्पना हान्स रेनॉल्डची, मूळचा स्वित्झर्लंडचा माणूस, मँचेस्टरला कारखाना काढला आणि १८८० मध्ये बुश रोलर चेनचं पेटंट घेतलं. त्याच्या आधीच्या चेनमध्ये प्लेट थेट पिनवर घासायची, म्हणजे सगळा भार प्लेटच्या जाडीएवढ्या अरुंद जागेवर यायचा. बुश आल्यावर तोच भार बुशच्या पूर्ण लांबीवर पसरला आणि चेनचं आयुष्य कुठच्या कुठे गेलं. इतकी वर्षं झाली तरी आपण तीच रचना वापरतोय आणि लढाई पण अजून त्याच जागेवर आहे, पिन आणि बुशच्या मध्ये.

आता मोजायचं कसं. आमच्याकडे रेक कॅरिअरला दीड इंची पिचची डुप्लेक्स, म्हणजे दोन रांगांची, चेन आहे, साइज २४बी, तिचंच उदाहरण घेतो. पिच म्हणजे एका रोलरच्या मध्यापासून पुढच्या रोलरच्या मध्यापर्यंतचं अंतर. पिच ३८.१ मिमी. दहा पिच म्हणजे नवीन चेनला ३८१ मिमी. मशीन बंद, पॅनलला कुलूप, चेनची एक बाजू ताणात येईल असं ड्राइव्ह हाताने मागे-पुढे करून घ्यायचं, कारण लोंबत्या चेनवर घेतलेलं माप काही कामाचं नाही. मग पहिल्या रोलरपासून अकराव्या रोलरपर्यंत मोजायचं. मोठा व्हर्निअर असेल तर त्या दोन रोलरच्या आतल्या कडांमधलं अंतर आणि बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं, दोन्हीची बेरीज भागिले दोन, की झाली दहा पिचची लांबी. व्हर्निअर नसेल तर स्टीलची पट्टी चालते, पण शून्यापासून नका धरू, पट्टीचं टोक घासलेलं असतं. १०० च्या रेघेवर एका पिनची डावी कड धरा, अकराव्या पिनची डावी कड वाचा आणि त्यातून १०० वजा करा.

इथे एक बारकावा आहे जो बऱ्याच जुन्या फिटरना पण कुणी सांगितलेला नसतो. पिच नेहमी सम संख्येत मोजायचे, सहा, आठ, दहा, बारा असे. कारण आतल्या लिंकचे दोन्ही बुश त्याच प्लेटमध्ये घट्ट बसलेले असतात, त्यामुळे पिन-बुश कितीही झिजले तरी आतल्या लिंकवरचं रोलर ते रोलर अंतर तेवढंच राहतं. सगळी वाढ बाहेरच्या लिंकवर येते. म्हणजे झिजलेल्या चेनमध्ये एक पिच जवळपास नव्यासारखा आणि पुढचा वाढलेला, परत एक नव्यासारखा, असं चालतं. विषम पिच मोजले तर माप कधी जास्त येणार, कधी कमी, आणि मग दोन फिटर दोन आकडे घेऊन वाद घालत बसणार. झिजलेली चेन एका ठरावीक लयीत खडखडते त्याचंही एक कारण हेच, प्रत्येक दुसरा रोलर दात्यावर वेगळ्या जागी बसतो.

आणि एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. चेन फिरवून निदान तीन-चार ठिकाणी घ्या, सगळ्यात वाईट आकडा तोच खरा. डुप्लेक्स असेल तर दोन्ही रांगा मोजा. एक रांग जास्त झिजलेली निघाली तर प्रश्न चेनचा नाही, अलाइनमेंटचा आहे.

आता लिमिट. साध्या ड्राइव्हला चेनच्या लांबीतल्या वाढीची जास्तीत जास्त मर्यादा म्हणजे ३ टक्के. आपल्या उदाहरणात ३८१ चे ३९२.४ मिमी झाले की चेन गेली. बरेच उत्पादक याच्याही आधी थांबायला सांगतात, दीड किंवा दोन टक्क्यांवर, आणि जिथे सेंटर डिस्टन्स, म्हणजे दोन शाफ्टमधलं अंतर, हलवताच येत नाही किंवा कन्व्हेअरच्या दोन चेन जोडीने चालतात तिथे ते ऐकलेलं बरं. मोठं स्प्रॉकेट असेल तर मर्यादा अजून खाली येते. ढोबळ हिशेब असा की २०० ला मोठ्या स्प्रॉकेटच्या दात्यांनी भागायचं. ७६ दाते असतील तर २०० भागिले ७६, म्हणजे सुमारे २.६ टक्के. पिच वाढला की चेन दात्याच्या बुडाशी बसत नाही, वर वर चढून मोठ्या व्यासावर बसायला बघते, आणि जितके दाते जास्त तितकं हे चढणं जास्त. शेवटी ती टोकावर येते आणि उडी मारते. नव्या पोरांना वाटतं चेन ढिली असल्यामुळे दात्यावरून उडते. कधी कधी तसंही असतं, पण झिजलेली चेन टाइट केली तरी उडतेच, फक्त आता उडताना झटका जास्त बसतो.

अजून एक हिशेब डोक्यात पक्का बसवून घ्या. समजा ड्राइव्हची चेन शंभर पिचची आहे. टेक-अप संपला म्हणून तुम्ही एक आतली आणि एक बाहेरची लिंक काढली, म्हणजे दोन पिच. याचा सरळ अर्थ, चेन तेव्हा जवळजवळ दोन टक्के वाढलेली होती. लिंक काढली की ड्राइव्ह परत एकदम छान टाइट दिसतो, टेक-अप परत मागे जातो, आणि पुढच्या पाळीच्या माणसाला वाटतं चेन नवीनच आहे. म्हणून लिंक काढली तर ते मोठ्या अक्षरात रजिस्टरला लिहा. पिन आणि बुशचा वरचा थरच फक्त कडक केलेला असतो, तो थर घासून गेला की आतलं मऊ लोखंड फार भराभर जातं. पहिले दोन टक्के जायला दोन हंगाम लागले म्हणून तिसऱ्या टक्क्याला एक हंगाम मिळेल असं गृहीत धरू नका.

रजिस्टरचा विषय आलाच आहे तर सांगतो. प्रत्येक ड्राइव्हला एक पान. चेन कधी चढवली, किती पिच, कुठली कंपनी, आणि महिन्यातून एकदा दहा पिचचं माप. एवढंच. आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून चेन कधी बदलायची यावर वादच होत नाही. नाहीतर दर वर्षी मिटिंगमध्ये तेच, एक म्हणणार अजून एक हंगाम काढेल, दुसरा म्हणणार नाही काढणार, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

टाइट करायचीच असेल तर किती? आडव्या ड्राइव्हला ढिल्या बाजूच्या मधोमध चेन हाताने वर-खाली केली की एकूण हालचाल सेंटर डिस्टन्सच्या साधारण चार टक्के हवी. एक मीटरला ४० मिमी. ड्राइव्ह उभा असेल, किंवा झटक्याचा लोड असेल, किंवा उलटसुलट फिरत असेल तर याच्या निम्मं. गिटारच्या तारेसारखी टाइट चेन बघून काही साहेब लोक खूश होतात, पण तो जास्तीचा ताण चोवीस तास पिन-बुशवर आणि दोन्ही बेअरिंगवर बसतो, तेलाचा थर दाबून बाहेर काढतो आणि झीज वाढवतो. म्हणजे झिजली म्हणून टाइट केली, टाइट केली म्हणून अजून झिजली. नवीन चेन मात्र पहिल्या काही तासांत जराशी बसते, ते नॉर्मल आहे, पहिल्या दिवशी आणि मग आठवड्याने एकदा बघून घ्यायची.

आता तेल. यावर मी कितीही बोलू शकतो. चेनला तेल घालणं म्हणजे चेन ओली करणं नाही. आमचा ऑइलमन पूर्वी ब्रश घेऊन रोलरवरून सपासप मारत जायचा, चेन चमकायची, खाली जमिनीवर तेलाचं तळं व्हायचं आणि पिन आतून कोरडीच. तेल जायला वाट एकच आहे, आतली प्लेट आणि बाहेरची प्लेट यांच्या मधली फट. तिथून ते पिनपर्यंत जातं. म्हणून तेल त्या फटीवर पडलं पाहिजे, दोन्ही बाजूंच्या, आणि डुप्लेक्सला मधल्या फटींवर पण. तेही ढिल्या बाजूवर, कारण ताणाच्या बाजूला पिन बुशला चिकटून दाबलेली असते, तिथे तेल शिरणार कुठून? खालची बाजू ढिली असेल तर त्या बाजूच्या आतून, म्हणजे लूपच्या आतल्या अंगाने, चेन स्प्रॉकेटवर चढायच्या थोडं आधी थेंब पडू दे. मग फिरताना ते आपोआप बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि जाता जाता सांध्यातून जातं. बाहेरून घातलं तर नुसतं उडून गार्डला लागतं.

तेल कुठलं, तर ५ ते ४० डिग्रीला एसएई ३० (हे तेलाच्या जाडीचे नंबर), म्हणजे आयएसओ व्हीजी १०० च्या आसपासचं. एप्रिलमध्ये बॉयलरच्या बाजूला पारा चाळिशीच्या वर जातो तिथे एसएई ४०. ग्रीस थापू नका, ते फटीतून आत जातच नाही, उलट बाहेर थर करून बसतं, त्याला बगॅसचा भुसा चिकटतो आणि जे थोडं तेल आत जायचं त्याचीही वाट बंद होते. आणि जळकं तेल, म्हणजे गिअरबॉक्समधून किंवा ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं तेल, ते तर अजिबात नको. आपल्याकडे ही सवय फार जुनी आहे, "चेनलाच तर घालायचंय" म्हणून डबा भरून ठेवतात. त्या तेलात झिजलेल्या धातूचे कण असतात, ते पिन आणि बुशच्या मधे नेऊन घालायचे म्हणजे स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर लावण्यातला प्रकार. नव्या तेलाचे वाचवलेले पैसे एका स्टॉपेजमध्ये जातात. ऑइल बाथ असेल तिथे लेव्हल बघा, चेनचा सगळ्यात खालचा भाग साधारण पिच लाइनपर्यंत बुडला की पुरे, जास्त भरलं की तेल फेसाळतं आणि तापतं.

तेल आत पोचतंय की नाही हे बघायची खूण सोपी आहे. प्लेटच्या फटीतून लालसर, विटकरी रंगाची बारीक पूड बाहेर येत असेल तर पिन कोरडी चालतेय. बाहेर कितीही तेल दिसू दे. खात्री करायची असेल तर जॉइंट लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी लिंक, उघडा आणि पिन पुसून बघा. चांगली चाललेली पिन गुळगुळीत, चमकदार असते, नखाला काही लागत नाही. कोरडी चाललेली पिन तपकिरी असते, तिच्यावर ओरखडे असतात. मी प्रत्येक ड्राइव्हची जॉइंट लिंक हंगामाच्या मधे एकदा तरी उघडून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे आणि आतली पूर्ण बातमी कळते.

साखर कारखान्यात या सगळ्यावर अजून एक संकट असतं ते म्हणजे रस. मिलच्या खालून, रेक कॅरिअरवरून रस आणि पाणी ठिबकत असतं. उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो, चेनवर पडून वाळला की चिकट होतो, त्यात बारीक भुसा बसतो आणि सांधे आखडतात. मग जंतू वाढून साखर खाऊ नयेत म्हणून मिलची सफाई गरम पाण्याने, वाफेने होते, ती झालीच पाहिजे त्याबद्दल वाद नाही, पण त्या वाफेच्या नळीने चेनमधलं तेल पण धुऊन निघतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. आम्ही आता नियमच केलाय, ज्या ड्राइव्हवर पाणी उडतं त्याला धुण्याचं काम झालं की लगेच तेल, पुढच्या ऑइलिंगच्या वेळेची वाट बघायची नाही. आणि शक्य तिथे गार्डला वरून पत्र्याची पन्हळ करून घेतली, रस बाजूला जातो. असल्या पत्र्याच्या कामाला कुणी मोठं समजत नाही पण चेनचं आयुष्य वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये मी त्याला खूप वर ठेवतो.

आखडलेला सांधा ओळखायला चेन हळू फिरवून लहान स्प्रॉकेटवरून उतरते तिथे बघत उभं राहायचं. चांगली लिंक उतरली की सरळ होते, आखडलेली तशीच वाकडी पुढे जाते. रस किंवा गंजामुळे असेल तर रॉकेलमध्ये भिजवून, हाताने मागे-पुढे करून मोकळी होते, नंतर तेल मुरवायचं. प्लेट वाकल्यामुळे असेल तर ती लिंक बदला, हातोडा मारून सुटल्यासारखी वाटते पण पिन प्लेटमध्ये ढिली होते. पिनच्या टोकांकडे पण लक्ष ठेवा, एखादी पिन प्लेटमध्ये फिरलेली दिसली किंवा बाहेर सरकलेली दिसली तर आत ती बुशला धरतेय. तिथे नुसतं तेल घालून काही होणार नाही.

स्प्रॉकेटचा दाता झिजून वाघनखासारखा वाकडा झाला की त्यावर नवीन चेन चढवू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळीकडे चढवलेली दिसते, कारण चेन स्टोअरमध्ये असते आणि स्प्रॉकेट नसतं. तो वाकडा दाता नव्या रोलरला सहज सोडत नाही, ओढून धरतो, आणि नवीन चेन बघता बघता जुन्या पिचला जाते. हब दोन्ही बाजूंनी सारखा असेल आणि झीज फार नसेल तर स्प्रॉकेट शाफ्टवर उलटून दात्याची दुसरी बाजू वापरता येते. तसंच जुन्या चेनमध्ये मधेच नव्या लिंक घालू नका. अडचणीच्या रात्री चालेल, पण शटडाऊन मिळताच पूर्ण चेन बदला. नव्या लिंकचा पिच कमी, बाकीच्यांचा वाढलेला, दर फेरीला ती नवीन लिंक एक झटका देते. आणि हाफ लिंक, म्हणजे विषम पिच जुळवायला घालतात ती वाकडी एकेरी लिंक, शक्य तितकी टाळा, तिने चेनची ताकद एक तृतीयांशापर्यंत घटते. सेंटर डिस्टन्स असं ठेवा की सम पिचची चेन बसेल. जॉइंटला स्प्रिंग लॉक असेल तर त्याची बंद बाजू चेन जिकडे पळते तिकडे, उघडी बाजू मागे. उलटं बसलेलं लॉक गार्डला एकदा लागलं की गेलं.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात, दोन्ही शाफ्ट लेव्हल आणि एकमेकांना समांतर, मग दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडाला सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी. दात्याची एक बगल चमकतेय किंवा आतल्या प्लेटची आतली बाजू घासलेली दिसतेय म्हणजे लाइन गेली. आणि टेक-अप हलवला की लाइन परत बघायची, दोन बोल्ट सारखे फिरत नाहीत हा माझा कायमचा अनुभव आहे.

आता तुटण्याबद्दल. मी पूर्वी एका कारखान्यात होतो तिथे ऐन जानेवारीत रात्रपाळीला रेक कॅरिअरची चेन तुटली, मिल थांबली, यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. सगळे म्हणाले चोकअप झाला, म्हणजे माल अडकून तुंबला, ओव्हरलोड आला, तुटली. सकाळी मी तुटलेली बाहेरची प्लेट रॉकेलने धुऊन उन्हात बघितली. भोकाच्या कडेपासून काठापर्यंत तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग तपकिरी, गंजलेला, गुळगुळीत होता. उरलेला भाग राखाडी, खरखरीत, ताजा. म्हणजे तडा बऱ्याच आधीपासून होता, त्यात रस-पाणी जाऊन गंज चढला होता, आणि त्या रात्री फक्त उरलेली पट्टी तुटली. खरा ओव्हरलोड असता तर प्लेटचं भोक लांबट झालं असतं, इथे भोक गोलच होतं. मग बाकीची चेन धुऊन खडू लावून तपासली. आधी रॉकेल मुरवायचं, पुसून कोरडं करायचं, वर खडूची पूड, थोड्या वेळाने तडा असेल तिथे ओली रेघ उमटते. अजून चार प्लेटना भोकापाशी तशीच रेघ निघाली. शोध घेतला तर कळलं की शिअर पिनच्या, म्हणजे जास्त झटका आला की आधी स्वतः तुटून बाकीचं वाचवणाऱ्या पिनच्या, जागी कुणीतरी हाय टेन्साइल बोल्ट घातला होता, पिन सारखी तुटते म्हणून. दर चोकअपला जो झटका शिअर पिनने घ्यायचा तो चेन घेत होती. त्यामुळे तुटलेली लिंक भंगारात टाकू नका, आधी धुऊन बघा. आणि शिअर पिन सारखी तुटत असेल तर ती का तुटतेय हे शोधा, तिला जाड करू नका.

सेफ्टीवर एकच परिच्छेद लिहितो पण हा वगळून पुढे जाऊ नका. १९४८ च्या कारखाना कायद्यात फिरत्या भागांना कुंपण आणि चालू मशीनजवळच्या कामाबद्दल वेगळी कलमं होती, उगाच नव्हती. चेन आणि स्प्रॉकेट जिथे मिळतात तिथे बोट गेलं तर परत येत नाही. चालू चेनवर कापसाने, ब्रशने तेल लावू नका, ठिबक भांडं गार्डच्या बाहेर ठेवून नळी आत न्या. चेन उघडायच्या आधी मोटरचं आयसोलेशन, कुलूप आणि टॅग, हे झालंच, पण चढावरची कॅरिअर असेल तर अजून एक धोका असतो. वर ऊस किंवा बगॅस भरलेला असतो, त्याच्या वजनाने वरच्या टोकाचा हेड शाफ्ट उलटा फिरायला बघतो आणि त्याला धरून ठेवणारी ही ड्राइव्हची चेनच असते. जॉइंट लिंक काढली की सगळं सुटतं. म्हणून आधी कॅरिअर रिकामी करा, नाही जमलं तर कॅरिअरला चेन पुलीने आणि आडव्या पाइपने बांधा, मग चेनची दोन्ही टोकं पुलरने धरा, मगच पिनला हात लावा. रिव्हेट केलेली पिन काढताना आधी डोकं ग्राइंड करा आणि मग दाबून काढा, डोळ्यांना गॉगल. परत वापरायच्या चेनजवळ गॅस कटर आणू नका, पाणी दिलेला पोलाद मऊ होतो.

कारखाना बंद झाल्यावर पुढचे महिने पावसाचे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या कित्येक चेन हंगामात जेवढ्या खराब होत नाहीत तेवढ्या जून ते सप्टेंबरमध्ये होतात. रसाने माखलेली चेन तशीच सोडली की कोल्हापूर-सांगलीच्या दमट हवेत पिनवर गंजाचे खड्डे पडतात आणि ऑक्टोबरमध्ये बॉयलर पेटतो तेव्हा ती खड्डेवाली पिन बुशला कानशीसारखी घासते. म्हणून शेवटचा ऊस गेला की त्याच आठवड्यात चेन उतरवायची. गरम पाण्याने धुवायची, वाळवायची, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने सांधे मोकळे करायचे, मग जमिनीवर सरळ ओढून पूर्ण लांबी मोजायची. याच वेळी ती आडवी करून बाजूला किती वाकते तेही बघा, नव्या चेनच्या तुकड्याशेजारी ठेवून. जास्त वाकत असेल तर सांधे बाजूने पण गेलेत. एवढं झालं की कोमट केलेल्या तेलात पूर्ण बुडवून ठेवायची. तेलात टाकल्यावर फटींमधून बारीक बुडबुडे यायला लागतात, तेवढी हवा बाहेर येतेय आणि तेल आत जातंय. बुडबुडे थांबेपर्यंत काढू नका. मग टांगून निथळायची, तेलकट कागदात गुंडाळून, नंबर टाकून रॅकवर. गोडाऊनच्या ओल्या फरशीवर नको.

नवीन मागवायची असेल तर इंडेंट मार्चमध्येच टाका, हंगामाचे आकडे हातात असतात तेव्हा. आणि इंडेंटवर नुसतं "एक इंची चेन" किंवा "दीड इंची चेन" लिहू नका. एक इंचीत १६बी आणि अमेरिकन ८० नंबर, दोघांचा पिच २५.४ आणि रोलर १५.८८, हातात घेतल्या तर सारख्याच वाटतात, पण १६बीची आतली रुंदी १७.०२ आणि ८० ची १५.७५, पिनची जाडी पण वेगळी, त्यामुळे एकीची जॉइंट लिंक दुसरीला लावायची नाही. दीड इंचीत तर रोलरच वेगळा, २४बीचा २५.४ आणि १२० नंबरचा २२.२३, स्प्रॉकेट एकमेकांना चालत नाहीत. पिच, आतली रुंदी, रोलरचा व्यास, किती रांगा, किती पिच, जॉइंट लिंक किती जादा, हे सगळं लिहा आणि स्टोअरला माल आला की बिलावर सही करायच्या आधी व्हर्निअर घेऊन स्वतः जा. दहा पिच मोजा आणि तो आकडा रजिस्टरच्या त्या ड्राइव्हच्या पानावर पहिल्या ओळीत लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या मापांची तुलना त्याच्याशीच करायची आहे.